पोत्यापासून पाकिटापर्यंत: छोट्या मसाला उद्योगात तंत्रज्ञान नेमकं कुठे लावायचं

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, जयसिंगपूर या पट्ट्यात कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, हळद, भाजणी करणारे छोटे उद्योग गल्लोगल्ली आहेत. एक कांडप यंत्र, एक सीलिंग मशीन, पाच-सहा बायका, एक सेल्समन आणि साठ-सत्तर दुकानं एवढा पसारा. मालक भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?"

त्याआधी चार गोष्टी विचारायच्या. गोदामात या क्षणी मिरची किती किलो आहे? हे पाकीट कुठल्या पोत्यातल्या मिरचीचं? छापील पाऊच किती दिवस पुरतील? आणि पंचेचाळीस दिवसांहून जुनी उधारी कोणाकडे, किती? यातल्या ज्या प्रश्नावर "थांबा, विचारून सांगतो" असं उत्तर येतं, तंत्रज्ञान तिथे लावायचं. बहुतेकांचं चारही ठिकाणी तसंच होतं, आणि तरीही पहिला खर्च वेबसाइटवर झालेला असतो.

पुढचं सगळं मसाल्याच्या धंद्याच्या अंगाने लिहिलं आहे. पापड, बेकरी, शिवणकाम किंवा फॅब्रिकेशन असेल तर मालाची नावं बदला, क्रम तोच ठेवा.

पायरी १: मालाला एकच नाव

बिलावर 'कांदा-लसूण मसाला २०० ग्रॅम', सेल्समनच्या डायरीत 'केएल दोनशे', पॅकिंगच्या बायकांच्या तोंडी 'लाल पाकीट' आणि दुकानदाराच्या मेसेजमध्ये 'तिखट छोटं'. माणसांना हे कळतं, शीटला कळत नाही. म्हणून पहिलं काम कागदावरच करायचं. कच्चा माल, पॅकिंगचं सामान आणि पक्का माल यांची यादी काढा आणि प्रत्येक वस्तूला एक नाव, एक कोड आणि एक एकक द्या. मिरची किलोतच मोजायची, पोत्यात नाही, कारण सगळी पोती एका वजनाची नसतात. पाऊच नगात, खोकी नगात, तेल किलोत. लिटर आणि किलो एकाच यादीत आले की हिशोब कधीच जुळत नाही.

ही यादी गुगल शीटमध्ये टाका. फुकट आहे, फोनवर उघडते, तिघे-चौघे एकाच वेळी वापरू शकतात. नाव टाइप करायची सोय मात्र ठेवू नका. ड्रॉपडाउनमधूनच निवडायचं, नाहीतर महिन्याभरात 'मिरची', 'मिर्ची' आणि 'मीरची' अशा तीन वेगळ्या वस्तू तयार होतात.

मिरचीत जातीही वेगळ्या लिहा. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी गुंटूर किंवा लवंगी, चवीसाठी संकेश्वरी असं मिश्रण असेल तर 'मिरची' हे एकच खातं काही कामाचं नाही. एक संपली की त्या दिवशीचं कांडप थांबतं, बाकीच्या दोन गोदामात कितीही असल्या तरी.

पायरी २: जिथे माल हात बदलतो तिथेच नोंद

माल चार ठिकाणी हात बदलतो: टेम्पोतून गोदामात, गोदामातून कांडपाला, कांडपातून पॅकिंगला, पॅकिंगमधून पुन्हा टेम्पोत. हिशोब चुकतो तो इथेच, कारण संध्याकाळी ऑफिसात बसून आठवून लिहिलं जातं.

या चारही जागांसाठी एकेक गुगल फॉर्म करा. त्यात चार-पाचच रकाने हवेत: काय, किती, कुठला लॉट (म्हणजे एका वेळी आलेला माल), कोणी दिलं, कोणी घेतलं. फॉर्मचा क्यूआर कोड छापून त्याच जागेच्या भिंतीवर चिकटवा. जी बाई मिरची कांडपाला देते तिनेच स्कॅन करून भरायचं. प्रश्न मराठीत ठेवा आणि शेवटी काट्याचा फोटो जोडायची सोय द्या. (फोटो जोडायला फोनवर जीमेलचं खातं उघडलेलं लागतं, म्हणून कारखान्याचा एक साधा फोन तिथेच ठेवलेला बरा.) काटा इलेक्ट्रॉनिक हवा आणि त्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का हवा. दर वर्षीची ती फेरी चुकवू नका.

या नोंदीतून पहिल्याच महिन्यात जे हाती लागतं ते म्हणजे घट. मिरचीचे देठ निघतात, माती-बिया पडतात, ओल उडते, थोडी पूड यंत्रात राहते. घट होणारच, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती कुठल्या व्यापाऱ्याच्या मालात किती होते, हे माहीत नसतं. एक उदाहरण मांडून पाहू. एका व्यापाऱ्याची मिरची २०० रुपये किलो आणि घट ८ टक्के. दुसऱ्याची १९२ रुपये किलो, पण घट १४ टक्के. पहिल्याची पूड पडते २०० भागिले ०.९२, म्हणजे साधारण २१७ रुपये किलोला. दुसऱ्याची १९२ भागिले ०.८६, म्हणजे २२३ रुपये. आठ रुपये स्वस्त घेतलेली मिरची किलोमागे सहा रुपयांनी महाग पडली, आणि ओल जास्त असल्याने बुरशीची भीती वेगळीच. हा हिशोब लॉटवार नोंद असेल तरच निघतो, आणि तो घेऊन व्यापाऱ्याशी बोलायला बसलं की बोलण्याचा सूर बदलतो.

बाजारभावाचीही एक पट्टी शेजारी ठेवा. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव पाहता येतात. आठवड्यातून एकदा सांगलीच्या हळदीचा आणि आपल्या मिरचीचा भाव शीटमध्ये उतरवायचा आणि शेजारी आपला खरेदीचा दर लिहायचा. वर्षभराची ही दोन रकान्यांची नोंद कुठल्याही दलालाच्या "आत्ता घ्या, पुढे वाढणार" पेक्षा भरवशाची.

पायरी ३: बॅच नंबर, पण खरा

पाकिटावर बॅच नंबर छापावा लागतो म्हणून बरेच जण काहीतरी छापतात. तो आकडा मागे पोत्यापर्यंत आणि पुढे दुकानापर्यंत नेता आला नाही तर ती नुसती शाई.

पद्धत सोपी आहे. आलेल्या प्रत्येक मालाला लॉट क्रमांक द्या: मिरची लॉट ७, खोबरं लॉट ३. पोत्यावर मार्करने लिहा. ज्या दिवशी मसाला झाला ती तारीख म्हणजे बॅच: १४ मार्चची पहिली घाणी १४०३-१. कांडपाच्या फॉर्ममध्ये बॅच आणि तिच्यात गेलेले लॉट येतात, टेम्पोच्या फॉर्ममध्ये दुकान आणि बॅच.

आता समजा, एका दुकानदाराचा फोन आला की पाकीट खवट लागतंय. त्याच्याकडून पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. बॅच १४०३-१. शीटला फिल्टर लावला की दिसतं: ६१० पाकिटं, बावीस दुकानं, मिरची लॉट ७, खोबरं लॉट ३. कांदा-लसूण मसाल्यात खवटपणा आला तर पहिला संशय खोबऱ्यावर. खोबरं लॉट ३ आणखी कुठे गेलं? दुसऱ्या दोन बॅचमध्ये. म्हणजे तीन बॅच परत मागवायच्या, बाकीचा माल दुकानांत निवांत राहू द्यायचा. नोंद नसती तर एक तर सगळा माल उचलावा लागला असता, नाहीतर "तुम्हीच उन्हात ठेवला असेल" असं म्हणत गिऱ्हाईक घालवावं लागलं असतं.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साईड या जंतू मारायच्या रसायनाच्या कारणावरून काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, तेव्हापासून मोठे खरेदीदार 'कुठला माल, कुठून आला' हे जास्त बारकाईने विचारू लागले आहेत. मॉलला माल द्यायचा असेल तर हा प्रश्न येणार असं धरूनच चाला.

तीन महिन्यांतून एकदा तालीम करा. कुठल्याही दुकानातून एक पाकीट उचलायचं आणि पंधरा मिनिटांत त्याचं पोतं शोधायचं. मग उलट: एक पोतं घ्यायचं आणि त्याची पाकिटं कुठल्या दुकानांत गेली ते काढायचं. उलटी बाजू बहुतेकांची अडकते, कारण टेम्पो भरताना बॅच लिहायचा कंटाळा केलेला असतो.

गोदामात मात्र अ‍ॅप नको, रंगीत स्टिकर पुरे. महिन्याला एक रंग ठरवा, जुना रंग पुढे. आधी संपणारा माल आधी बाहेर गेला पाहिजे, आणि ते लांबून दिसलं पाहिजे.

पायरी ४: मागवायचं कधी

सूत्र एकाच ओळीचं आहे: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक हाताशी राखीव साठा. २०० ग्रॅमचे रोज ३०० पाऊच लागतात आणि छपाईवाला २१ दिवस घेतो असं धरा. ६,३०० झाले. त्यात आठवड्याचे राखीव २,१०० मिळवा. साठा ८,४०० वर आला की त्याच दिवशी ऑर्डर गेली पाहिजे. शीटमध्ये ही ओळ आपोआप लाल होईल अशी अट घाला आणि सकाळी सगळ्यात आधी लाल ओळी पाहायची सवय लावा.

पाऊचचंच उदाहरण मुद्दाम घेतलं. मिरचीची काळजी सगळे करतात, तरी धंदा थांबतो तो छापील पाऊच, खोकी नाहीतर चिकटपट्टी संपल्यामुळे. किमतीने किरकोळ, पण यायला सगळ्यात उशीर लागणारी वस्तू कुठली, ते यादीतून शोधा. राखीव साठा तिचा जास्त ठेवा.

खपाचा आकडा सरासरीने काढू नका. मसाल्याला हंगाम आहे. मार्च ते मे घरोघरी वर्षाचं तिखट होतं. त्या काळात कांडपाला रांग लागते आणि पाकिटांचा खप वेगळाच चालतो. मागच्या वर्षीचा तोच महिना बघा. पहिल्या वर्षी तो आकडा नसतो, तेव्हा जुनी बिलं काढून महिन्यांनुसार बेरीज मारा. दोन दुपारींचं काम आहे.

मिरचीला मात्र हे सूत्र लागू पडत नाही. ती हंगामात घ्यावी लागते आणि वर्षाचा पैसा पोत्यांत अडकतो. इथे उपयोगी पडते ती इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती. वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंद असलेल्या गोदामात माल ठेवला की डिजिटल पावती मिळते आणि ती तारण ठेवून बँक कर्ज देऊ शकते. आपल्या जवळचं गोदाम नोंदणीकृत आहे का आणि मिरची-हळद घेतं का, एवढं आधी विचारून घ्या.

पायरी ५: बिलिंग सॉफ्टवेअर

आता सॉफ्टवेअर. टॅली, व्यापार, मार्ग किंवा गावातल्या एखाद्या मुलाने केलेलं, काहीही चालेल. तपासायचं एवढंच: बॅच आणि एक्स्पायरीसह साठा दाखवतं का, नेट गेलं तरी बिल निघतं का, सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून घेता येतो का, आणि अडलं तर तासाभरात गावात कोण येतं. तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता गडबडला तर ते घेऊ नका. आपला माल, आपली गिऱ्हाइकं, आणि माहिती मात्र दुसऱ्याच्या कुलपात, असं नको.

कायद्याच्या मर्यादाही सॉफ्टवेअरमध्ये बसवून घ्या. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण परराज्यात करपात्र माल विकायचा म्हटलं की लागते. ५० हजारांवरचा माल राज्याबाहेरून आला किंवा गेला की ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाखाची आहे. पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच.

सीए सांगेल, १ एप्रिलपासून सुरू करा. हिशोबाच्या दृष्टीने त्याचं बरोबर आहे, पण मसालेवाल्याने हे ऐकू नये. एप्रिलमध्ये मान वर करायला फुरसत नसते. आषाढात सुरू करा, पाऊस लागलेला असतो आणि कांडप थंडावलेलं असतं. एक महिना वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवा, मग वही बंद.

पायरी ६: दुकानातल्या फळीवर काय उरलंय

पुरवठ्याची साखळी दुकानदाराला बिल दिलं की संपली, असं समजलं जातं. सगळ्यात महागडा गैरसमज हाच. सेल्समनला टार्गेट असतं, तो महिनाअखेरीला दुकानात माल भरतो, आपल्या शीटवर विक्री दिसते, आणि दोन महिन्यांनी तोच माल एक्स्पायरी जवळ आली म्हणून परत येतो.

उपाय साधा आहे. सेल्समनने ऑर्डर घेण्याआधी फळीवरची पाकिटं मोजायची आणि फोनवरच्या फॉर्ममध्ये टाकायची. मागच्या भेटीला १२ होती, ४८ दिली, आज ३१ आहेत. म्हणजे खपली २९. पुढच्या भेटीपर्यंत तेवढीच खपणार असतील तर आज काहीच द्यायची गरज नाही, दुकानदार "टाका दोन खोकी" म्हणाला तरी. सेल्समनचा इन्सेंटिव्ह या खपलेल्या आकड्यावर बांधा, दिलेल्या मालावर नको. सुरुवातीला कुरकुर होईल, कारण आकडे लहान दिसतील. परत येणारा माल मात्र हळूहळू कमी होताना शीटवरच दिसेल.

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायला हरकत नाही, मात्र बिझनेस खात्यावर, कॅटलॉगमधून आणि वेळ ठरवून. संध्याकाळी सहापर्यंत आलेली ऑर्डर उद्याच्या गाडीत, त्यानंतरची पुढच्या फेरीला. व्हॉइस नोटवरची ऑर्डर आली तर लेखी यादी उलट पाठवून "बरोबर ना दादा?" एवढं विचारून घ्यायचं. वारानुसार लाईन ठरवा: सोमवारी इचलकरंजी, मंगळवारी जयसिंगपूर-सांगली, असं. डिझेल वाचवणारं याहून स्वस्त साधन नाही. पोचवलेल्या मालाच्या सही केलेल्या चलनाचा फोटो टेम्पोवाल्याने तिथूनच पाठवायचा, आणि परत आलेल्या मालाचं कारण लिहूनच घ्यायचं: फुटलं, खवट, एक्स्पायरी की नुसतंच खपलं नाही.

पायरी ७: पैसे

यूपीआयचे पैसे धंद्याच्या चालू खात्यातच आले पाहिजेत, घरच्या नंबरवर नाही. उधारीचे चार कप्पे करा: १५ दिवसांपर्यंत, ३०, ४५ आणि त्यापुढे. सेल्समन लाईनवर निघताना त्या दिवसाच्या दुकानांची ही यादी त्याच्या फोनवर हवी.

उद्यम नोंदणी फुकट आहे, सरकारी पोर्टलवर होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइट वेगळ्या. ही नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या नियमानुसार मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच खर्च म्हणून दाखवता येते. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यावर हे हत्यार उगारायचं नाही, तिथे तोंडी बोलूनच भागतं. मॉल, हॉटेलांच्या साखळ्या आणि कंपन्यांच्या कँटीनसाठी आहे ते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यालाच आहे.

गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल तर ट्रेड्स (TReDS) या ऑनलाइन मंचाचं नाव लक्षात ठेवा. तिथे तुमचं बिल कंपनीने मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे मुदतीआधी हातात येतात. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली आहे.

पायरी ८: ऑनलाइन विक्री, आणि ती आठवीच का

२०० ग्रॅमचं पाकीट कुरियरने पुण्याला पाठवून बघा, भाडं पाकिटाच्या आसपास जातं. त्यावर कमिशन आणि परत आलेला माल. म्हणून ऑनलाइनवर एक किलोचा किंवा चार चटण्यांचा जोड विका, सुटं पाकीट नको. मॉल आणि ऑनलाइन दोन्हीकडे बारकोड लागतो, तो जीएस१ इंडियाकडून रीतसर घ्या. ८९० ने सुरू होणारा तो क्रमांक. नेटवरून कुठला तरी कोड उचलून छापला तर दुसऱ्याचाच माल स्कॅनरवर उमटतो. दुबई किंवा अमेरिकेतले नातेवाईक "इकडे पाठवा, हातोहात खपेल" म्हणतात, पण मसाला रीतसर निर्यात करायला आयात-निर्यात कोड आणि स्पाइसेस बोर्डाची नोंदणी लागते. हौसेने बॅगेतून नेलेली चार पाकिटं म्हणजे निर्यात नव्हे.

कोण भरणार, आणि कुलूप कोणाकडे

फॉर्म भरणाऱ्या बाईला आपल्यावर नजर ठेवायला हे आणलंय असं वाटलं की आकडे गोड यायला लागतात. घट जास्त लिहिली म्हणून पहिल्या आठवड्यात कोणाला बोललात, तर दुसऱ्या आठवड्यापासून घट सगळीकडे सारखीच दिसेल. आकडा खरा यायला हवा असेल तर तो पगाराला जोडू नका. टाइप करणं जड जात असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललेलं बऱ्यापैकी बरोबर उमटतं, मात्र आकडे एकदा डोळ्यांनी तपासायचे.

ऑर्डरचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर धंद्याच्या सिमवर ठेवा, सेल्समनच्या नाही. तो नोकरी सोडून गेला की साठ दुकानं त्याच्या खिशातून जातात. शीट मालकाच्या खात्यावर, दोन टप्प्यांच्या पासवर्डसह, आणि दर शनिवारी तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर. काउंटरवरचा क्यूआर अधूनमधून स्वतः स्कॅन करून नाव आपलंच येतं ना ते पाहा, कारण वरून दुसरा चिकटवायचे प्रकार होतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन लावायचा. हा नंबर फॉर्मच्या क्यूआर शेजारीच भिंतीवर लिहून ठेवा.